सूचना कोणाला दिली?

रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे झालेल्या त्रासाची कागदपत्रे वाचायची आणि त्यांतून दावा उभा राहतो का ते सांगायचे, हा माझ्या वकिलीचा छोटा पण कधी न थांबणारा भाग आहे. या फाइलींत त्रास खरा असतो, दोष गोळीचा असल्याचेही बऱ्याचदा खरे असते, आणि तरीही दावा टिकत नाही. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, कधी हिरड्या वाढतात. एनालाप्रिल, रामिप्रिल यांनी कोरडी ढास लागते आणि क्वचित ओठ-जीभ सुजून श्वास अडकतो. क्लोरथॅलिडोनसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सोडियम उतरते, म्हातारी माणसे असंबद्ध बोलू लागतात. यूरिक ॲसिड चढून पायाच्या अंगठ्याचा सांधा धरतो तो वेगळाच. ॲटेनोलॉलने नाडी मंदावते, स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढते आणि काही पुरुषांची छातीही वाढते. यातले काहीच गुपित नाही, औषधशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते छापलेले सापडेल. अडचण नेमकी इथेच आहे. जो त्रास आधीपासून माहीत आहे तो झाला, एवढ्याने कायद्याच्या लेखी कोणीच दोषी ठरत नाही. पक्षकाराला हे पचत नाही, आणि का पचत नाही ते मला समजते. पण सुरुवात इथूनच करावी लागते. न्यायालय त्रासाच्या मागचे तीन प्रश्न विचारते. गोळीत काही खोट होती का, धोक्याची सूचना दिली होती का, आणि गोळी सुरू केल्यावर रोग्यावर लक्ष ठेवले गेले का. माझे म्हणणे प्रामुख्याने दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. आपल्याकडे सूचना दिली जाते, कायद्याचे समाधान होईल इतपत दिली जाते, मात्र गोळी गिळणाऱ्याला दिली जात नाही. जोवर हे असे आहे तोवर रोग्याचा दावा दुबळाच राहणार.

सूचनेला एवढे महत्त्व का, हे या औषधांच्या इतिहासातच दिसते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा परिणाम तपासून १९४९ मध्ये तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि आपल्या आयुर्वेदातली ही मुळी जगाच्या दवाखान्यांत गेली. पुढे तिच्यातून काढलेले रेसर्पिन सर्रास दिले जाऊ लागले तेव्हा काही रोग्यांना खोल नैराश्य येते असे डॉक्टरांच्या नजरेस आले. ब्रिटनमध्ये १९७० च्या सुमारास आलेल्या प्रॅक्टोलॉलची कथा याहून वाईट. डोळे कोरडे पडून दृष्टी जाणे, कातडीवर चट्टे उठणे, आतड्यांभोवती जाड आवरण धरणे हे त्रास औषध हजारोंच्या पोटात गेल्यावर उघड झाले आणि काही वर्षांतच ते सर्वसाधारण वापरातून काढावे लागले. आयसीआय या कंपनीने पीडितांसाठी भरपाईची योजना स्वतःहून आखली. मंजुरीपूर्वीच्या चाचण्या मर्यादित माणसांवर आणि मर्यादित काळ चालतात. हजारांत एखाद्याला, तेही दोन-तीन वर्षांनी होणारा त्रास त्यांत सापडेलच असे नाही. म्हणजे औषध बाजारात येणे आणि त्याची पूर्ण सूचना छापली जाणे यांच्यामध्ये काही वर्षे जातात. त्या वर्षांत जे सापडतात, त्यांच्यासाठीच औषध कंपनीविरुद्धचा दावा खऱ्या अर्थाने उपयोगी असतो.

अलीकडचे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ओल्मेसार्टन. हे औषध आपल्याकडेही भरपूर लिहिले जाते, म्हणून त्याची हकिगत जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. २०१२ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २२ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. महिनोन्‌महिने न थांबणारे जुलाब, झपाट्याने उतरणारे वजन, आणि लहान आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीत गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिॲक रोगासारखे दिसणारे चित्र. पण गहू बंद करूनही फरक नाही. ओल्मेसार्टन थांबवल्यावर मात्र बावीसच्या बावीस जण सुधारले. ३ जुलै २०१३ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने माहितीपत्रकात हा इशारा घालायला लावला आणि हा त्रास गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही सुरू होऊ शकतो असे सांगितले. फ्रान्सने पुढे या औषधाला सरकारी विम्याचा परतावाच नाकारला. अमेरिकेत दावे न्यू जर्सीतील एका संघीय न्यायाधीशासमोर एकत्र झाले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दाइची सँक्यो कंपनीने दोष कबूल न करता ३० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. दावे साधारण २,३०० होते. हे दावे उभे राहिले ते गोळी वाईट होती म्हणून नव्हे. रक्तदाब ती नीट उतरवत होती. प्रश्न एवढाच होता की कंपनीला धोका कधी कळला किंवा कळायला हवा होता, आणि तो छापायला उशीर का झाला. रोग्यांच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावाही साधा होता: गोळी चालू असताना जुलाब, बंद केल्यावर आराम. औषधांच्या त्रासाचा संबंध जोडताना जगभर हीच कसोटी आधी लावतात, आणि तिच्यासाठी दोनच तारखा लागतात, गोळी सुरू केल्याची आणि थांबवल्याची. माझ्याकडच्या बहुतेक फाइलींत नेमक्या याच दोन तारखा नसतात.

वाल्सार्टनचे प्रकरण वेगळ्या जातीचे. तिथे सूचनेचा प्रश्न नव्हता, मालातच खोट होती. चीनमधील झेजियांग हुआहाय या कंपनीने कच्चे औषध बनवण्याची रीत बदलली आणि त्या बदललेल्या रीतीतून एनडीएमए हे कर्करोगाचा संशय असलेले रसायन गोळीत उतरू लागले. जुलै २०१८ पासून देशोदेशी माल परत मागवला गेला. अमेरिकेतल्या परत मागवलेल्या मालात टॉरंट आणि हेटेरो या भारतीय कंपन्यांच्या गोळ्याही होत्या. तिथल्या औषध प्रशासनाचा अंदाज होता की सर्वांत जास्त दूषित गोळी ३२० मिलिग्रॅमच्या मात्रेने ८,००० माणसांनी चार वर्षे घेतली, तर त्या सर्वांच्या आयुष्यभरात कर्करोगाचा एक जास्तीचा रोगी निघेल. आणि त्याच प्रशासनाने हेही बजावले की दुसरी गोळी हातात येईपर्यंत आहे ती थांबवू नका, कारण अचानक चढणारा रक्तदाब उद्याच इजा करू शकतो. दावा आणि उपचार एकाच वेळी चालू ठेवावे लागतात, हे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो; ॲटेनोलॉल किंवा क्लोनिडिन एकदम सोडणे तर त्रासापेक्षा जास्त धोक्याचे आहे. अमेरिकेच्या कायद्याला सोन्याचा मुलामा देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०११ मध्ये प्लिव्हा कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जेनेरिक बनवणाऱ्याला मूळ कंपनीचेच माहितीपत्रक जसेच्या तसे छापणे बंधनकारक आहे, म्हणून अपुऱ्या सूचनेबद्दल त्याच्यावर राज्याच्या कायद्याखाली दावा चालणार नाही. तिथे बहुतेक गोळ्या जेनेरिक आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी हैदराबाद-अहमदाबादच्या कारखान्यांतून जातात. मूळ ब्रँड घेणाऱ्याला सूचनेचा दावा करता येतो, तीच गोळी स्वस्तात घेणाऱ्याला येत नाही.

आता आपला कायदा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादनाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आणले. कलम ८४ प्रमाणे निर्मितीत दोष असेल, रचनेत दोष असेल, किंवा योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसतील तर उत्पादक जबाबदार. वाचताना वाटते की रोग्याची बाजू भक्कम झाली. मग कलम ८७ येते. त्यात म्हटले आहे की जे उत्पादन कायद्याने फक्त तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचे आहे, त्याच्या बाबतीत उत्पादकाने त्या तज्ज्ञाला वाजवी मार्गाने सूचना दिली असेल तर सूचना अपुरी होती या कारणावरून त्याला जबाबदार धरता येणार नाही. रक्तदाबाची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायची, म्हणजे ती या खिडकीतून सरळ बाहेर. कंपनीचे माहितीपत्रक उलगडून पाहावे. त्यावर स्पष्ट छापलेले असते की हे फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी आहे. रोग्याने वाचायचे तेच पत्रक रोग्यासाठी नाही असे त्यावर लिहिलेले. युरोपात प्रत्येक डब्यात रोग्यासाठीचे पत्रक त्या-त्या देशाच्या भाषेत घालावेच लागते. आपल्याकडे मेडिकलवाला दहाची स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या देतो. पत्रक डब्याबरोबर दुकानातच राहते आणि कापताना बॅच क्रमांकाची कडही बऱ्याचदा तिकडेच जाते. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक झाला. तो स्कॅन केला की औषधाचे नाव, बनवणाऱ्याचा पत्ता, बॅच, तारखा, परवान्याचा क्रमांक हे सगळे सांगण्याची त्याच्यावर सक्ती आहे. गोळीने पाय सुजतील हे सांगण्याची नाही. तिथे मराठीत चार ओळी घालायला काय अडचण होती, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

कंपनी अशी सुटली की सूचनेचे सारे ओझे डॉक्टरवर येते. इथे कायदा तसा जुना आणि पक्का आहे. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. दुष्परिणाम झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला असे होत नाही. पण टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल सुरू केल्यावर मूत्रपिंड आधीच दुबळे असलेल्या माणसाचे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम काही आठवड्यांत न तपासणे, सत्तरीच्या बाईला क्लोरथॅलिडोन देऊन सोडियमकडे वर्षभर न पाहणे, गरोदर असल्याचे माहीत असताना टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू ठेवणे, हे नक्कीच हलगर्जीपणाच्या बाजूला जाते. माझ्या अनुभवात टिकणारे दावे बहुतेक असेच असतात: दोष गोळीत नसतो, गोळीनंतरच्या दुर्लक्षात असतो. दुसरा ओळखू येणारा प्रकार म्हणजे गोळीच्या त्रासावर गोळी. ॲम्लोडिपिनने पाय सुजले म्हणून लघवीची गोळी, तिने सोडियम उतरले म्हणून घेरी, घेरीसाठी आणखी काही. अशा फाइलीत कोणीही एक जण मोठी चूक करत नाही, आणि म्हणून ती मांडायलाही सर्वांत कठीण. त्यात तीन औषधे एकत्र असलेल्या गोळीची भर पडली आहे. रोगी प्रामाणिकपणे सांगतो की मी एकच गोळी घेतो.

पुराव्याच्या बाबतीत तर रोगी पुरता उघडा पडतो. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांनुसार तीन वर्षे नोंदी जपण्याची सक्ती आहे ती रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या. मागितल्यावर त्या ७२ तासांत द्यायच्या. रक्तदाबाचा रोगी दाखल होतच नाही. तो दर दोन-तीन महिन्यांनी येतो, चिठ्ठी घेतो, जातो. त्याची एकमेव नोंद म्हणजे त्याच्या घरातली प्लास्टिकची फाइल. तीही बऱ्याचदा नसते, कारण एकच जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे गोळ्या घेण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. दुकानदार देतो, रोग्याची फी वाचते, आणि दाव्याच्या वेळी कंपनीचा वकील विचारतो की ही गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतली याला पुरावा काय. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात त्यांचे तर आणखी वेगळे. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या क्रमाने गोळ्या देणारा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता, आणि गावोगाव नियमित रक्तदाब मोजला जाऊ लागला ही मोठी गोष्ट आहे. पण जिथे सर्वांनाच सेवा मोफत आहे तिथे शांता निकालाप्रमाणे ग्राहक आयोगाचे दार बंद. उरतो दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय, म्हणजे ज्याला गोळी विकत घेणे परवडत नाही त्याच्यासाठी सर्वांत महाग रस्ता.

या सगळ्यावर डॉक्टर मित्रांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो हलका नाही. ते म्हणतात, दुष्परिणाम आणि भरपाई यांची चर्चा वाढली की लोक गोळ्या सोडतील आणि लकव्याने आडवे होतील. रक्तदाब उतरवण्याचा फायदा वादातीत आहे. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित अभ्यासात वरचा दाब दहाने कमी केला की पक्षाघात २७ टक्क्यांनी आणि मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. नुसत्या सांगण्यानेही त्रास वाढतो याला पुरावा आहे. इटलीत ९६ पुरुषांना ॲटेनोलॉल देऊन पाहिले. काय देतो आहोत हे न सांगितलेल्यांत लैंगिक दुर्बलतेची तक्रार ३.१ टक्क्यांनी केली, औषधाचे नाव सांगितलेल्यांत १५.६ टक्क्यांनी, आणि या त्रासाचीही कल्पना दिलेल्यांत ३१.२ टक्क्यांनी. मी हा अभ्यास टाळत नाही. पण त्यातून कसे सांगावे हे निघते, सांगू नये असे निघत नाही. भीतीने थकवा वाढेल, पोटॅशियम चढणार नाही. चिंतेने सोडियम १२० वर येत नाही. ज्या त्रासांनी माणूस दगावतो त्यांतले बरेच रक्ताच्या तपासणीत दिसणारे आहेत, आणि त्यांची लक्षणे आधी सांगितल्याने ती मनातून निर्माण होत नाहीत. शिवाय न सांगितल्याने लोक गोळ्या घेत राहतात हे गृहीतकच चुकीचे आहे. ढास लागली की माणूस गुपचूप गोळी सोडतो आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना ‘घेतो आहे’ म्हणतो. ही ढास गोळीची असू शकते, सांगितलेस तर दुसरी गोळी देता येईल, एवढे वाक्य आधी ऐकलेला माणूस निदान परत तरी येतो.

दुसरा आक्षेप असा की यातून डॉक्टर बचावासाठी औषधोपचार करू लागतील, निष्कारण तपासण्या लिहितील. काही अंशी खरे आहे. पण फौजदारी बाजूने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांना बरेच संरक्षण दिले आहे, आणि दिवाणी बाजूने चिठ्ठीवरची ‘सूज, ढास, घेरी याची कल्पना दिली, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन’ ही एक ओळ रोग्यापेक्षा डॉक्टरच्याच जास्त कामी येते. तिसरा आक्षेप वकिलांवरच आहे: अमेरिकेसारखे दाव्यांचे कारखाने उघडतील. ते होणार नाही. भरपाईतला हिस्सा फी म्हणून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे तिथल्यासारखी जाहिरातबाजी इथे परवडतच नाही. समान तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र येता येते, पण रक्तदाबाच्या गोळीवर तशी चळवळ उभी राहण्याची चिन्हे मला दिसत नाहीत. उलट भीती वेगळीच आहे, की कोणी येणारच नाही.

दाव्याखेरीजचे मार्ग थोडक्यात. औषधाच्या त्रासाची नोंद रोगी स्वतः करू शकतो. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे. त्यातून भरपाई मिळत नाही, पण ओल्मेसार्टनचा इशारा अशाच नोंदींच्या ढिगातून पक्का झाला. गोळीच्या दर्जाचा संशय असेल तर औषध कायद्याच्या कलम २६ खाली ठरलेली फी भरून कोणीही सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. हे फार थोड्यांना माहीत आहे, आणि संशय नेहमीच अनाठायी नसतो. केंद्रीय औषध यंत्रणेच्या ऑगस्ट २०२४ च्या नापास नमुन्यांच्या यादीत टेल्मिसार्टनही होते. पक्के बिल आणि न कापलेली स्ट्रिप नसेल तर मात्र हा मार्गही संपतो. ग्राहक आयोगात दाव्याची पायरी गोळ्यांना मोजलेल्या पैशांवर ठरत असल्याने तो जिल्ह्यातच दाखल होतो, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, असे कायदा म्हणतो. कायदा म्हणतो.

खरा घोळ मुदतीचा आहे. ग्राहक कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षे. वर्षांनी सुरू होणाऱ्या जुलाबांत कारण घडले कधी, पहिली गोळी घेतली तेव्हा, जुलाब लागले तेव्हा, की ते गोळीमुळे आहेत हे कळले तेव्हा? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतल्या एका शस्त्रक्रियेच्या प्रकरणात याला काहीसे उत्तर दिले. गोव्यातील एका परिचारिकेच्या पोटात १९९३ च्या शस्त्रक्रियेत राहिलेला कापसाच्या जाळीचा बोळा नऊ वर्षांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत निघाला. इजा दडलेली असेल तर ती कळल्यापासून मुदत मोजता येईल हे न्यायालयाने मान्य केले. पण मधली नऊ वर्षे त्रास होत असताना त्या पुन्हा त्या डॉक्टरकडे गेल्या नाहीत, म्हणून दावा मुदतबाह्य ठरवला. गोळीच्या रोग्याने यातून काय घ्यायचे, हे सरळ नाही. त्रासाची तारीख डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहून घेतली तर विरुद्ध बाजूचा वकील तीच तारीख मुदत मोजायला वापरेल. नाही लिहून घेतली तर गप्प बसलात असे म्हणेल. मी लिहून घ्यायलाच सांगतो. उशीर माफ करण्याचा अधिकार कलम ६९ मध्येच आयोगाला दिलेला आहे, आणि सबळ कारण दाखवायचे म्हटले तरी चिठ्ठीवरच्या त्या तारखेखेरीज दाखवण्यासारखे दुसरे काही रोग्याकडे नसते.